बाईंनी भरलेला एक रकाना

रविवारी सकाळी सातच्या एसटीनं आम्ही दोघी सांगोल्याला जाणार होतो. बाईंनी पिशवी चार दिवस आधीच भरून ठेवली होती. पाण्याची बाटली, गुडघ्याला बांधायचा पट्टा, डिंकाचे दोन लाडू, परीक्षेला नेतात तसलं पॅड आणि दोन पेनं. गुरुवारी दुपारी मी कॉलेजच्या वाचनालयात बसले होते आणि शेजारच्या काकूंचा फोन आला. वाचनालयात फोन उचलायचा नसतो म्हणून मी तो दोनदा कापला. तिसऱ्यांदा बाहेर व्हरांड्यात येऊन उचलला. "सारिका, लगेच ये. बाई बसल्या बसल्या..." मी रिक्षानं पोचले तेव्हा बाई खुर्चीतच होत्या, मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा नाकावर. डॉक्टर येऊन गेले होते. संध्याकाळी त्यांची मुलगी हैदराबादहून आली, आणि मग सगळं जसं होतं तसं होत गेलं.

त्याला आता सात आठवडे झाले. ती रविवारची एसटी इतकी उशिरा ठरली, त्याला कारण मी होते, हे मला कुठंतरी लिहायचं आहे. बाई दिवाळीच्या आधीपासून मागे लागल्या होत्या. त्यांना माझ्या आजीला भेटायचं होतं. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी जनगणनेच्या कागदावर त्यांनी आजीबद्दल एक गोष्ट चुकीची लिहिली होती, आणि ती तिच्यासमोर बसून कबूल करायची होती. एवढंच काम होतं. ते राहिलं.

बाई म्हणजे माझ्या वडिलांच्या पहिलीच्या बाई. आमचं गाव सांगोला तालुक्याच्या कोरड्या बाजूला आहे. तिथं शेतीपेक्षा मेंढरं जास्त. गावापासून दीड मैलावर आमची वस्ती. बाई मूळच्या सोलापूरच्या, वडील कचेरीत कारकून. नोकरीच्या पहिल्या नेमणुकीवर त्या आमच्या गावच्या एका खोलीच्या शाळेत आल्या. माझे वडील सातवीपर्यंत शिकले आणि मेंढरांमागं गेले, पण बाईंचा पत्ता त्यांनी कुणाकुणाकडून विचारत जपून ठेवला होता. मी बारावी झाले तेव्हा आमच्या घरात कॉलेजचं फाटक कुणी पाहिलेलं नव्हतं. वडिलांनी मला एसटीत बसवलं आणि थेट सोलापूरला, जुळे सोलापूर भागात बाईंच्या दारात आणून उभं केलं. चप्पल जिन्यातच काढली होती.

"बाई, मी बिरू. बिरदेव. पयलीला हुतो तुमच्याकडं."

बाईंनी चष्म्यातून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नऊच्या पाढ्याला रडायचा तो?"

"व्हय, त्योच." वडील मान खाली घालून हसले. पन्नाशीला आलेल्या वडिलांना असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "ही माजी पोरगी. हिला शिकवायचीय. पर हितं आपल्या वळखीचं कुणी न्हाय."

"ओळखीचं कुणी नाही कसं? मी आहे की. आत ये गं."

तेव्हापासून मी त्यांच्या मागच्या खोलीत राहत होते. अडीच वर्षं.

बाईंनी तीसएक वर्षं मुलांना शिकवलं, पण शाळेच्या गोष्टी त्या फार सांगत नसत. सांगायच्या त्या जनगणनेच्या. शिक्षकांना ती ड्यूटी लागतेच, आणि बाकीचे शिक्षक ती टाळायला बघायचे, पण बाईंना मनापासून आवडायची. एक्याऐंशीची जनगणना त्यांनी आमच्या गावात केली. पुढं बदली होऊन त्या सोलापूरजवळच्या होटगीला आल्या, आणि नंतरच्या तिन्ही तिथं केल्या, शेवटची निवृत्तीच्या तोंडावर. संध्याकाळी भाकरी थापताना त्या बोलायच्या आणि मी ताटं मांडता मांडता ऐकायचे. दारावर गेरूनं नंबर घालायचा तो कसा, कुणी सारवताना तो पुसून टाकला की पुन्हा कसं जायचं, घराचं छत कशाचं, दिवा कसला, सायकल आहे का, रेडिओ आहे का... माझ्यासाठी सरकारी कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला. घरात काय काय आहे हे सरकार असं दारात येऊन विचारतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्याकडे मागच्या खेपेला कुणी आलं असेल तर मी तेव्हा लहान होते.

त्यांची काम करायची एक रीत होती. कुठल्याही घरी गेल्यावर आधी प्यायला पाणी मागायचं. तहान असो नसो. "पाणी कुठून आणतात ते आपोआप कळतं," त्या म्हणायच्या, "कोण आणतं तेही कळतं. आणि पाणी दिलेल्या माणसाला आपण परके वाटत नाही." आता नव्या जनगणनेत माणसं मोबाइलवर स्वतःच माहिती भरू शकणार, हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग पाणी कोण देणार?"

होटगीतल्या एका गोष्टीवर तर त्या दर वेळी नव्यानं हसायच्या. एका घरी सून एकटीच होती आणि नवऱ्याचं नाव घ्यायला तयार नव्हती. कितीदा विचारलं तरी, "आपल्या गड्ड्याच्या जत्रंतल्या देवाचं नाव," एवढंच. सोलापूरचा गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, म्हणून बाईंनी लिहिलं, सिद्धेश्वर. शेजारच्या दारात तिची जाऊ. तिनंही तेच सांगितलं. तिसऱ्या दारात धाकटी जाऊ, तिचंही तेच. बाईंना वाटलं, एवढी भक्ती असेल. दुपारी तिघांतला थोरला शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. थोरला सिद्धेश्वर, मधला सिद्राम, धाकटा सिद्धप्पा. "बाई, तुमी तर आमच्या तिघा भावांस्नी एकच करून टाकलं की!"

त्या तिघांची म्हातारी आई सकाळी थोरल्याकडं जेवायची आणि संध्याकाळी धाकट्याकडं. जनगणनेत कुटुंब मोजतात ते चुलीवरून. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. मग हिला कुठं लिहायचं? बाईंनी तिलाच विचारलं. म्हातारी म्हणाली, "जितं च्या पिती तितं लिवा." चहा ती मधल्याकडं प्यायची. बाईंनी तिला मधल्याच्या घरात लिहिलं आणि त्या दिवशी मधली सून दिवसभर रुसून बसली होती म्हणे.

मागच्या वर्षी आमच्या सरांनी प्रकल्प दिला, आपापल्या गावाची जुनी जनगणना शोधा. मी ग्रंथालयात जिल्ह्याची एक्याऐंशीची जनगणना पुस्तिका काढून बसले. गावागावाच्या ओळी. आमच्या गावाची ओळ सापडली तेव्हा मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आमचं नाव कुणी छापलंय असं कधी पाहिलंच नव्हतं. घरं किती, माणसं किती, लिहिता-वाचता येणारे किती, काम करणारे किती. त्या शेवटच्या रकान्यात पुरुष आणि बायका वेगळे दिले होते. बायकांचा आकडा इतका लहान होता की मला वाटलं, छापताना मागचा एखादा अंक गळला असेल.

घरी आले तेव्हा बाई मेथी निवडत होत्या. मी फोनवर काढलेला फोटो त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, "बाई, हे चुकलंय ना? आमच्या वस्तीवर रिकामी बसलेली बाई मी तरी कधी पाहिली नाही."

त्यांनी हात पुसून फोन घेतला. बोटांनी आकडे मोठे करून पाहिले. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "छापताना चुकलेलं नाही. तुमची वस्ती माझ्याकडे होती. मीच लिहिलंय."

मग त्यांनी ती सकाळ सांगितली. उन्हाचे दिवस सुरू झाले होते. वस्तीवरच्या घरांना दारं नव्हती म्हणून नंबर अंगणातल्या दगडांवर घातले होते. आजोबांनी घोंगडी अंथरली, शेळीचं दूध दिलं आणि समोर बसून एकेक उत्तर दिलं. आजी उंबऱ्याच्या आत सावलीला चरख्यावर लोकर कातत बसली होती. वडील तेव्हा चार वर्षांचे, तिच्या पाठीला लोंबकळत होते. "'ह्या काय काम करतात?' मी विचारलं. तुझे आजोबा हसले. म्हणाले, 'ती कशाचं काम करती, घरीच असती की.' आणि मी लिहिलं." बाई मेथीच्या काड्यांकडं बघत होत्या. "चरख्याचा आवाज येत होता गं. तिनं कातलेल्या लोकरीच्या घोंगडीवर मी बसले होते... आणि मी लिहिलं, काम करत नाही."

त्यांनी सबब सांगितली नाही. प्रशिक्षणात सांगितलं होतं, बायकांबद्दल दुसऱ्यांदा विचारा, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. उन्हं चढत होती आणि अकरा घरं राहिली होती, हेही सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "पण खरं कारण ते नाही. मलाही ते काम वाटलंच नाही. माझी आई दिवसभर राबायची, तिलाही मी घरीच असते असंच म्हणत आले होते."

मी चिडले. मला कळत होतं की एवढ्या जुन्या गोष्टीवर चिडून उपयोग नाही, पण माझ्या डोळ्यांपुढं आजी होती. आजोबा दमेकरी होते, बहुतेक वर्षं कळप तीच घेऊन जायची. पेरणी तिची, खुरपणी तिची, मेंढरांची बाळंतपणं तिची. वडिलांना शाळेत घाला म्हणून हट्ट धरणारीही तीच. मी म्हणाले, "तुम्ही तर शिकलेल्या होतात ना, बाई?"

मी आत गेले. पुढचे आठ दिवस मी कॉलेजजवळच्या खानावळीत जेवून यायचे आणि अभ्यास आहे म्हणून दार लोटून घ्यायचे. बाईंनी एकदाही हाक मारली नाही. रोज फक्त ओट्यावर एक ताट झाकलेलं असायचं, आणि सकाळी ते तसंच असलं तरी त्या काही म्हणायच्या नाहीत.

नवव्या दिवशी मी परत आले तर बाई टेबलाशी पॅड घेऊन बसल्या होत्या. मला बघून जणू मधले दिवस गेलेच नाहीत अशा आवाजात म्हणाल्या, "बस. माझा प्रश्नच चुकला होता." भांडी घासायला येणाऱ्या नरसव्वाला त्यांनी विचारलं होतं, काय काम करतेस. ती म्हणाली, काही नाही बाई, तुमच्याकडं दोन भांडी घासते, बाकी घरीच. मग बाईंनी विचारलं, काल उठल्यापासून काय काय केलंस? नरसव्वा बोलत गेली आणि बाई लिहीत गेल्या. पाणी, चूल, सासऱ्याचं अंथरूण, मग दुपारभर विड्या वळणं, कारखान्यात नेऊन देणं, तिथं रांग, येताना नातवाला शाळेतून आणणं... पान भरलं, मागची बाजूही भरली. "तिच्या लेखी हे सगळं म्हणजे काही नाही," बाई म्हणाल्या. "बायकांना काम विचारायचंच नाही. कालचा दिवस विचारायचा."

मग म्हणाल्या, "मला तुझ्या आजीकडे घेऊन चल. कागद काही दुरुस्त होणार नाही. बेरीज झाली की घरोघरी भरलेल्या चिठ्ठ्या ठेवत नाहीत, आणि असत्या तरी कुणाला दाखवता आल्या नसत्या. पण जिच्याबद्दल लिहिलं ती तर आहे. तिला सांगायला हवं."

मी म्हणाले, परीक्षा होऊ दे. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. आमच्या घरी बाईंना बसायला खुर्ची नाही. संडास बांधलाय, पण त्याला दाराऐवजी पत्रा लावलाय. आणि आजी तोंडाची फटकळ आहे, ती बाईंना काय बोलेल याची मला भीती वाटत होती. परीक्षा झाली, मग मी म्हणाले थंडी कमी होऊ दे, तुमचे गुडघे दुखतील. बाई म्हणायच्या, "गुडघे माझे आहेत ना?" पण माझ्याशिवाय त्या निघाल्या नाहीत. शेवटी तो रविवार ठरला.

त्या गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी एकटीच गावाकडं गेले. बाईंच्या मुलीनं मला विचारलं होतं, आईची आठवण म्हणून काही हवंय का. मी पॅड मागून घेतलं होतं. घरी पोचले तेव्हा आजी गोठ्याजवळ करडाला बाटलीनं दूध पाजत होती. लोकर आता कुणी घेत नाही, चरखा माळ्यावर गेलाय. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बाई गेल्या, त्या येणार होत्या, का येणार होत्या, आणि त्यांनी काय लिहिलं होतं.

आजीनं करडाचं तोंड पुसलं. "काय लिवलं हुतं म्हनलीस?"

"की तू काम करत नाहीस."

"मग? तुजा आजा जलमभर तेच म्हनत आला की!" आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. "आन येवड्यापायी ती म्हातारी गुडघं घिऊन सोलापूरवरनं येनार हुती? येडी का काय!"

मला रडू यायला लागलं होतं. ते दिसू नये म्हणून मी पॅड काढलं आणि बाईंनी शिकवलं तसं विचारलं, "आजी, काल उठल्यापासून काय काय केलंस?"

"का? तू काय तलाठीन झालीस?"

"सांग की."

"काय न्हाय. उटली, शेन काढलं." मग थोडं थांबून, "दोन शेळ्या पिळल्या. तुज्या आईची पाट धरलीय, मग भाकरी मीच केल्या. त्या लंगड्या शेळीला पाला तोडून आनला..." ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. दुपारपर्यंत आली आणि मधेच गप्प झाली. मला वाटलं, कंटाळली.

"ती बाई," आजी म्हणाली, "लई बारीक हुती तवा. उनानं त्वांड लाल झालतं. मला आटवतीया ती. तिनं मला नाव इचारलं हुतं."

मी मान वर केली.

"लगीन हून आल्ये तवापासनं मला नावानं कोन हाक मारतंय? सासू धाकली म्हनायची. मग बिरूची आई. तुजा आजा तर नुसतं 'अगं'. त्या दिशी बी त्यो म्हनला, लिवा की बिरूची आई. ती म्हनली, न्हाय, त्यास्नीच सांगू द्या. अन् माज्याकडं बगत बसली." आजीनं पदरानं तोंड पुसलं. "आता काय सांगू... मला माजंच नाव चटकन सुदरंना. मग म्हनलं, मायाक्का. तिनं लिवलं. आन कागूद माज्याम्होरं धरला. हे बगा तुमचं नाव. मला कुटं वाचता येतंय? पर बगितलं की. मुंग्यांची रांग चालल्यावानी."

बाईंनी मला त्या सकाळचं सगळं सांगितलं होतं, ऊन, दूध, घोंगडी, चरख्याचा आवाजसुद्धा. हे सांगितलं नव्हतं. मला वाटतं, त्यांच्या लक्षातच राहिलं नसेल. नाव तर त्या प्रत्येक घरात विचारायच्या. चुकीचं लिहिलेलं तेवढं त्यांनी चाळीस-बेचाळीस वर्षं जपलं, आणि हे आजीनं जपलं. मी दिवाळीच्या आधी त्यांना घेऊन आले असते तर त्यांनी ते इथं, या गोठ्याजवळ बसून, स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. याचं मी काय करू ते मला अजून कळत नाही.

करडू पुन्हा दुधासाठी ढुशा देत होतं. आजीनं त्याला मांडीवर ओढलं.

"तिचं नाव काय हुतं गं?" तिनं विचारलं. "आमी समदी तिला बाईच म्हनायचो."

"शकुंतला," मी म्हणाले.

"सकुंतला," आजीनं हळूच म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, कुणाला हाक मारावी तसं.